मी ओतलेला डोंगर

रविवारी सकाळी साडेसहाला मी गाडा उघडतो. चहा, सोडा, उकडलेली अंडी आणि बायकोनं पहाटे उठून केलेली पातळ भाजी, पावाबरोबर. सातच्या आत पणजी-म्हापशाच्या आठ-दहा गाड्या लागलेल्या असतात. कुणी सायकल उतरवतं, कुणी बूट बदलतं, एखादं जोडपं पोराला कडेवर घेऊन नुसतंच वर बघत उभं राहतं. परवा एका बाईंनी विचारलं, "काका, या डोंगराचं नाव काय?"

"डंप," मी म्हटलं.

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावाशेजारचा हा चाळीसेक मीटरचा उंचवटा १९९० साली नव्हताच. काजूचं भाट (बाग) होतं, खाली व्हाळ (ओढा) होता आणि व्हाळापलीकडे शेतं. १९९२ पासून सहा हंगाम मी तिथे माती ओतली. दहा टनी टिपर, दिवसाला वीस खेपा, पावसाळा वगळून वर्षाचे दोनेकशे दिवस. एकदा गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा बिलाच्या कागदामागं हिशेब मांडला. दोन लाख चाळीस हजार टन. एकट्या माझे. आणि त्या कामावर आम्ही पंधरा टिपर होतो.

खाणीशी संबंध न आलेल्या माणसाला हे सांगावं लागतं, की गोव्यात लोहखनिज असंच पसरलेलं मिळत नाही. एक टन मालासाठी अडीच-तीन टन माती बाजूला काढावी लागते. माल जेटीवर जातो, बार्जमधून मांडवीनं मुरगावला, तिथून बोटीनं जपानला, पुढे चीनला. माती कुठेच जात नाही. ती खाणीच्या कडेला, नाही तर भाटकाराशी, म्हणजे जमीनमालकाशी, बोलणं करून शेजारच्या जमिनीत टाकायची. तो ढीग म्हणजे डंप. आमचा डंप लीजच्या, म्हणजे खाणपट्ट्याच्या, हद्दीबाहेरच होता. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं लीजबाहेर माती टाकायला मनाई केली, पण तोवर आमची टाकून, वर झाडं लावून झाली होती.

ओतायची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. टिपर उलटा घ्यायचा. कडेला मातीचाच गुडघाभर बांध घातलेला असतो, मागचं चाक त्याला लागेपर्यंत जायचं. क्लीनर फाळक्यावर थाप मारत ओरडतो, "येवं दी, येवं दी, येवं दी... पुरो!" त्या 'पुरो'वर जीव टांगलेला. मग हौदा उचलायचा. माती सुटली की मोठे दगड गडगडत थेट तळाला जातात आणि बारीक भुकटी वरच राहते. म्हणून कुठलाही डंप खाली दगडाळ आणि वर पिठासारखा असतो. शिवाय माती सगळी एका जातीची नाही. वरच्या थराचा जांभा, त्याखाली पिवळी चिकण, आणि खाण खोल गेली की गुलाबी-जांभळट, हाताला साबणासारखी लागणारी माती. या शेवटच्या मातीत गवताचं पातंही जगायला तयार नसतं. जमिनीचा खोल पोटातला भाग तो, त्याला पालापाचोळा ठाऊकच नाही. आणि आम्ही काय केलं, तर खालचं वर आणि वरचं खाली करून ठेवलं.

त्यावर आमचा पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. पहिल्याच पावसात डंपाला घळी पडल्या. आधी बोटभर, मग हातभर, मग माणूस उभा राहील इतक्या. ती सगळी माती व्हाळात आणि व्हाळातून शेतात.

त्या शेतांत पहिलं शेत आमच्याच काकांचं. एका रात्रीत भाताच्या रोपांवर वीतभर लाल चिखल बसला. वाळल्यावर त्याला भेगा पडल्या त्या टाइल्ससारख्या, चौकोनी. नुकसानभरपाई मिळाली, दरवर्षी थोडी थोडी मिळत राहिली, पण काकांनी ते पैसे कधी स्वतः जाऊन आणले नाहीत, काकीला पाठवायचे. मी तेव्हा पंचवीसचा होतो, हातात खेपेचे रोख पैसे यायचे, घराला स्लॅब घातला होता. काका एकदाच बोलले. "तुमी वयर जेवले, आमी सकयल चिखल खालो." सकयल म्हणजे खाली. त्यानंतर आठ वर्षं गणेश चवथीच्या आरतीला एकमेकांसमोर उभे राहायचो, पण बोलणं नाही.

१९९८ मध्ये आमचा डंप भरला. मग कंपनीच्या माळ्यांनी अकेशिया लावली, हजारांनी. ऑस्ट्रेलियाचं झाड, भराभर वाढतं, हवेतला नत्र मातीत आणतं, गुरं तोंड लावत नाहीत. चार वर्षांत लांबून बघणाऱ्याला हिरवा डोंगर दिसू लागला. जवळून बघितलं तर खाली काहीच नाही. अकेशियाचा पाला कातड्यासारखा, वर्षभर कुजत नाही, पायाखाली चरचर वाजतो. त्या झाडांखाली पाखरूसुद्धा बोलत नसे. साखळीच्या जुन्या खाणीवर झाडं वाढवून फुलपाखरांची बाग केली, खाणीच्या खड्ड्यात मासे सोडले, ते बघायला शाळांच्या सहली जायच्या. आमच्याकडे नुसतीच अकेशिया.

मग चीनला हलका मालही हवासा झाला. पूर्वी कचरा म्हणून टाकलेल्या मातीत लोखंड निघायला लागलं आणि डंप फोडणं सुरू झालं. २००७-०८ मध्ये आमच्या डंपाची उत्तरेकडची बाजू, झाडांसकट, पोकलेननं खाल्ली. मी तेव्हा स्वतःचे दोन टिपर घेतले होते, कर्जावर. जी माती मी वर ओतली होती तीच खाली वाहून नेण्याचे पैसे मी घेतले. हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा आम्हा कुणालाच त्यात विनोद दिसला नव्हता. २०१०-११ ला गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त माल गेला. गावात दोन घरांआड एक ट्रक होता.

१० सप्टेंबर २०१२. चवथीला नऊ दिवस. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आल्यावर राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं. मध्ये थोडं चालू झालं, पुन्हा फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाली आणि मार्चच्या मध्यावर सगळं बंद. माझा एक टिपर बँकेनं नेला, दुसरा अंगणात आंब्याखाली उभा राहिला. त्याच्या हौद्यात पावसाचं पाणी साठून बेडूक झाले. शेवटी किलोवर विकला. त्याबद्दल इतकंच.

रिकामे झालो तसे आम्ही वर जायला लागलो. डंपाचा माथा सपाट असतो, टिपर वळवायला लागतो ना. पोरांनी तिथे फुटबॉलचे बांबूचे गोल उभे केले. आम्ही चाळिशी-पन्नाशीतले बाजूला बसायचो. संध्याकाळी तिथून एका बाजूला सह्याद्रीची रांग दिसते, हवा स्वच्छ असली तर सत्तरीतला वाघेरी ओळखता येतो, आणि दुसऱ्या बाजूला मांडवीचं एक वळण. इतकी वर्षं तिथे होतो, पण बघितलं नव्हतं. टिपर चालवताना नजर आरशात असते.

माझा भाचा जर्मनीत रूर भागात शिकत होता. कोळशाच्या खाणींचा मुलूख. त्यानं तिथल्या डंपांचे फोटो पाठवले, त्यांना ते हाल्डे म्हणतात. बोट्रोप गावातल्या एका हाल्डेवर १९९५ मध्ये त्यांनी लोखंडाचा भलामोठा त्रिकोणी मनोरा उभा केलाय, आत जिने टांगलेले. त्याच गावात दुसऱ्या हाल्डेच्या उतारावर छप्पर घालून आत बर्फावरून घसरायची सोय आहे. डुइसबुर्गला जस्ताच्या कारखान्याच्या कचऱ्यावर २०११ मध्ये रोलरकोस्टरच्या आकाराचा जिना केला. त्यावर चालायचं. जिथे तो उलटा गोल फिरतो तिथे अर्थातच चालता येत नाही, तो तुकडा बंद ठेवलाय. हा फोटो बघून पोरं खूप हसली, पण मला आवडला. इथं वेग होता, आता चाला, असं काहीतरी त्या माणसांना म्हणायचं असावं.

भाचा म्हणाला, मामा, आपल्याकडे असं का नाही?

मी त्याला विचारलं, तिथं पाऊस किती? म्हणाला, वर्षभर रिमझिम, एकूण हजार मिलिमीटरही भरत नाही. त्यांची भीती वेगळी. कोळशाचा डंप आतून धुमसू शकतो. आमचा पेटत नाही, आमचा वाहतो.

तरी डोक्यात किडा शिरलाच. भाटकाराचा मुलगा आता मुंबईला असतो, तो हरकत नाही म्हणाला. दक्षिण बाजू, फोडलेली नव्हती ती, तेवढीच घ्यायची ठरलं. गावातल्या क्लबनं वर्गणी काढली, कुठून कुठून थोडा निधी मिळाला, आणि शहरातून एक आर्किटेक्ट आले. सज्जन माणूस. त्यांनी चिऱ्यांची सरळसोट पायरी काढली, तळापासून माथ्यापर्यंत, दोन्ही बाजूंना दिवे. कागदावर देखणी होती. मी म्हटलं, साहेब, पाण्याला तुम्ही रस्ता करून देताय. ते म्हणाले, पाण्यासाठी कडेनं गटार आहे. मी गप्प बसलो. आपण सातवी पास.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पायऱ्यांखालची माती निघाली. चिरे दात पडल्यासारखे एकेक करत खाली आले आणि काही थेट व्हाळापर्यंत गेले. काका दारात उभे राहून बघत होते, असं काकीनं नंतर सांगितलं. काही बोलले नाहीत म्हणे. नुसते बघत होते.

पुढच्या हंगामात आम्ही जुने ड्रायव्हर, एक पोकलेनचा ऑपरेटर आणि रोजगारावरच्या चार बाया, असे कामाला लागलो. म्हैस डोंगर कसा चढते ते बघितलंय? तसा रस्ता आखला, उताराला आडवा, लांब वळसे घेत. त्याची एक युक्ती सांगतो, कुणाच्या उपयोगी पडली तर पडली. आपल्याला वाटतं वाटेचं पाणी बाहेरच्या कडेनं खाली सोडावं. चूक. वाटेला ढाळ आत द्यायचा, डंपाच्या अंगाला, आणि तिथं दगडाचं गटार. पाणी आत वळलं की बाहेरची कड कापत नाही. खाणीत बेंच, म्हणजे उतारावरचे टप्पे, असेच करतात, आम्ही ते रोज बघत होतो. गटाराचं पाणी मग दर वळणावर एका खड्ड्यात. तिथं ते थांबतं, माती खाली बसते, निवळ पाणी पुढे जातं. दर दसऱ्यानंतर हे खड्डे उपसावे लागतात. उपसले नाहीत तर दुसऱ्या वर्षी ते असून नसल्यासारखे. आमच्याकडे अशा सात खड्ड्यांपैकी चार नेमानं उपसले जातात. उरलेल्या तिघांचं काय होतं ते क्लबच्या बैठकीत विचारा.

कडेला वाळा लावला. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, दोन-तीन मीटरसुद्धा. उतारावर काथ्याची जाळी अंथरली, तिच्या भोकांतून गवताचं बी. वर माथ्यावरच्या पिठाळ मातीत मात्र काहीच धरेना. शेवटी बायांपैकी एकीनं सांगितलं, गोठ्यातलं शेण आणि भाताचा कोंडा आणा, आणि करंज लावा, मग बाकीचं बघू. करंज धरला. त्याच्या सावलीत आवळा, मग जांभूळ, बांधावर बांबू. अकेशिया एकदम नाही तोडली, दरवर्षी थोडी विरळ केली, नाही तर उतार उघडा पडला असता. एका मास्तरांनी खैर लावायला सांगितला, तो आमच्यापेक्षा हुशार निघाला, सांगितलं नव्हतं तिथंही उगवला.

तळाशी मात्र काही करावं लागलं नाही. तिथं दगड होते, आमच्या टिपरमधून गडगडत गेलेले, त्यांच्या खाचांत ओल राहायची. झाडी आधी तिथूनच वर चढत आली.

दुसरी गोष्ट खाणीच्या खड्ड्याची. डंपाच्या मागं तो आहे, पावसाच्या पाण्यानं भरलेला, हिरवा-निळा. फोटोत फार छान येतो आणि पाहुण्यांना तिथंच जायचं असतं. बोटी सोडा, असा आग्रह अजून चालू आहे. मी एकट्यानं विरोध केला आणि करत राहीन. तळ्याला काठ असतो, पाय हळूहळू खोल जातो. खाणीच्या खड्ड्याला काठ नसतो. पाण्याखाली बेंच आहेत, पायऱ्यांसारखे, प्रत्येक पायरी घराएवढी. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस पुढचं पाऊल टाकतो आणि खाली काहीच नसतं. माझ्या धाकट्याच्या मित्राला आम्ही केसांना धरून ओढलाय, तो जगला. त्या दिवसापासून तारेचं कुंपण आहे आणि किल्ली माझ्या गाड्यात आहे. कुणी ओळख सांगून मागितली तर चहा देतो, किल्ली देत नाही. त्या पाण्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. खाण चालू असताना ते उपसून बाहेर सोडायचे आणि खालचे शेतकरी त्यावर वांयगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं, भात काढायचे. खाणी बंद, पंप बंद, वांयगणही बंद. बोटीच्या पैशात एक पंप येईल, हे मी दर बैठकीत बोलतो. बोटीचा फोटो काढता येतो, पंपाचा कोण काढणार?

शनिवारी रात्री बाटल्या घेऊन येणारे आहेत. त्यांच्यावर लिहीत नाही, रविवारी पहाटे काचा मीच वेचतो.

आणि मध्येच बातमी येते, डंपांचा लिलाव. सरकारचं तसं धोरण आलंय, पडून असलेली माती विकायची. एप्रिल २०२४ पासून डिचोलीत लिलावातल्या नव्या लीजची खाण सुरूही झाली. गावात दोन तट आहेत. माझ्याच घरात दोन आहेत. थोरला म्हणतो, बाबा, पुन्हा टिपर घेऊ. मी त्याला अडवू शकत नाही, याच मातीवर तो वाढला. पण लिलावात आमचा डंप लागला तर पोकलेन पहिला कुठं लागेल ते मला ठाऊक आहे. दक्षिणेच्या तिसऱ्या वळणाच्या वर, तिथं ९६ सालचा माल आहे, तेव्हा आम्ही हलका म्हणून टाकलेला. आजच्या भावानं तो हलका नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता लिहिलं.

त्या तिसऱ्या वळणावर दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात मला कांगलां दिसली. मालकांगोणीची वेल करंजावर चढली होती, पिवळट फळांचे झुबके. कुणी लावली नव्हती. पाखरांनी आणली असणार. ज्यांना माटोळी ठाऊक नाही त्यांच्यासाठी: चवथीला आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं बांधतात. कांगलां, माट्टीची फळं, कवंडाळ, कुड्याच्या शेंगा, आंबाडे. हल्ली बहुतेक डिचोलीच्या बाजारात विकत आणतात, पूर्वी पोरं रानात जाऊन आणायची. अकेशियाच्या पंचवीस वर्षांत त्या डंपावरून माटोळीसाठी एक काडी मिळाली नव्हती. मी तिथं वळणावर कितीतरी वेळ उभा राहिलो. मग तीन झुबके तोडून काकीकडे गेलो.

काकीनं हात पुढे केला नाही. "डंपावयलीं आमकां नाकात," म्हणाली. माझ्या घरच्या माटोळीला बांधली.

काका मागल्या वर्षी गेले. वर्ष सुतकाचं, त्यांच्याकडे चवथ झाली नाही. यंदा होती. आदल्या दिवशी त्यांचा नातू, आठ वर्षांचा, वरून फुटबॉल खेळून येताना कांगलांचा एक झुबका घेऊन आला. मी माटोळी टांगायला मदत करायला तिथंच होतो, शिडीवर.

"खंयचीं रे हीं?" काकीनं विचारलं.

"दोंगरावयलीं."

काकीनं झुबका हातात घेतला, उलटा करून बघितला, एक फळ नखानं सोलून आतलं लाल दाखवून ठेवलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि सुतळी मागितली. मी दिली. तिनं कांगलां माटोळीला बांधली, पण मागच्या अंगाला, भिंतीकडे.